चाळिशी लागली म्हणजे काय, आणि नवा चष्मा कसा घ्यावा



गळीत हंगामात वजनकाट्यावर थोडा वेळ उभे राहिले की एक गोष्ट हटकून पाहायला मिळते. गाडी रिकामी होते, पावती हातात येते. पन्नाशीच्या आसपासचा सभासद ती पावती आधी डोळ्यांजवळ नेतो, मग हात लांब करतो, मग उजेडाकडे वळून पुन्हा पाहतो आणि शेवटी शेजारच्या पोराला म्हणतो, "बघ रं, निव्वळ किती आलंय?" पोरगा आकडा सांगतो आणि पावती घडी होऊन खिशात जाते. हा सभासद निरक्षर नव्हे. सोसायटीचा अहवाल वाचून वार्षिक सभेत प्रश्न विचारणारा माणूस आहे तो. त्याला वाचता येते, पण दिसत नाही.

१९५०-५१ च्या हंगामात आपल्याच जिल्ह्यात लोणीला सहकारी साखर कारखाना सुरू झाला. ऊस पिकवणाराच कारखान्याचा मालक, ही त्यामागची कल्पना. भरलेल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन आणि निव्वळ वजन हे तीन आकडे मालकाने स्वतःच्या डोळ्यांनी वाचू नयेत, हे काही त्या कल्पनेत बसत नाही. बरे, पावतीचे एक वेळ पोराकडून वाचून घेता येईल. औषधाच्या बाटलीचे काय? फवारणीला आपण एकटेच जातो. बाटलीवरची अक्षरे मुंगीएवढी. दशांश चिन्ह दिसले नाही तर अडीच मिलीचे पंचवीस मिली व्हायला वेळ लागत नाही. तिथे तांबडा त्रिकोण आहे की निळा, एवढे तरी दिसते. पण प्रमाण, विषबाधा झाल्यास काय करावे ही सूचना आणि मुदत संपण्याची तारीख यांसाठी जवळची नजर लागते.

म्हणून या पाठात आम्ही चष्मा हा विषय घेतला आहे. विषय साधा वाटतो. पण आमचाच अनुभव सांगतो, दोनदा पैसे घालवल्यावर तिसऱ्या खेपेला आम्हाला नीट चष्मा मिळाला.

प्रथम चाळिशी म्हणजे काय ते पाहू. आपल्या भाषेने या तक्रारीला वयाचेच नाव दिले आहे, आणि ते अगदी बरोबर आहे. डोळ्यात बुबुळाच्या मागे एक नैसर्गिक भिंग असते. लांबचे पाहताना ते चपटे राहते, जवळचे पाहताना फुगीर होते. लहानपणी हे भिंग लवचिक असते, म्हणून पोरे नाकाला पुस्तक लावूनही वाचू शकतात. वय वाढते तसे ते कडक होत जाते. चाळीस-पंचेचाळीसच्या सुमारास त्याला पुरेसे फुगता येईनासे होते आणि जवळचे अक्षर पुसट होते. हात लांब केला की थोडे बरे दिसते, आणि पुढे हातच अपुरा पडू लागतो. हा रोग नव्हे. केस पिकतात तसेच हे, प्रत्येकालाच होते. ज्याला लांबचा उणे नंबर आहे तो मात्र चष्मा काढून जवळचे वाचतो आणि "मला चाळिशी लागलीच नाही" म्हणून मिरवतो. त्यालाही ती लागलेली असतेच.

या साध्या गोष्टीने जगात किती माणसे अडली आहेत पाहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालात असा अंदाज दिला आहे की, चाळिशी लागून जवळचे दिसत नाही आणि तरी योग्य चष्मा नाही, अशी माणसे सुमारे ८२ कोटी ६० लाख आहेत. आसामातल्या चहाच्या मळ्यात चाळिशी ओलांडलेल्या ७५१ मजुरांवर एक प्रयोग झाला आणि त्याचा निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना जवळचा चष्मा लगेच दिला, उरलेल्यांना प्रयोग संपल्यावर. चष्मा मिळालेल्यांची रोजची पाने खुडण्याची वाढ इतरांपेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी जास्त भरली. खत बदलले नाही, मजूर बदलला नाही, डोळ्यांपुढे फक्त दोन काचा आल्या. आपल्याकडे पाने खुडायची नसतात, पण बेण्याचा डोळा निवडणे, खोडकिडीची अंडी शोधणे, ठिबकची बुजलेली छिद्रे पाहणे, ही सारी जवळच्या नजरेचीच कामे आहेत. घरातल्या बायकांचे तर विचारूच नका. तांदळातले खडे आणि सुईतला दोरा यांवरून त्यांना आधी कळते, पण चष्म्याची पाळी त्यांची शेवटी येते.

आता घरच्या घरी एक परीक्षा करा. काट्याची पावती दोन विती अंतरावर, म्हणजे साधारण ४० सेंटिमीटरवर, चांगल्या उजेडात धरा. एक डोळा तळहाताने झाका, पण दाबू नका, आणि वाचा. मग दुसरा झाका. त्यानंतर भिंतीवरचे कॅलेंडर खोलीच्या दुसऱ्या टोकाहून तसेच एकेका डोळ्याने पाहा. एकेका डोळ्याने हे महत्त्वाचे. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा वाईटाचे उणे झाकून घेतो, जोडीतला एक बैल अंग चोरतो आणि दुसरा ओढतो तसे. एका डोळ्याने जवळजवळ काही दिसत नाही हे कित्येकांना दुसऱ्या डोळ्यात कचरा गेल्यावरच कळते.

या परीक्षेत कमी पडलात तर थेट दुकान गाठू नका, आणि आठवडे बाजारही गाठू नका. आम्ही तेच केले होते. बाजारात चष्म्यांची पाटी मांडून बसलेल्याकडून चार चष्मे डोळ्यांना लावून पाहिले, ज्यातून अक्षर मोठे दिसले तो घेतला. आठ दिवस बरे गेले. मग दुपारनंतर कपाळ ठणकू लागले. पुढे तपासणी केली तेव्हा कळले की आमच्या दोन डोळ्यांना दोन वेगळे नंबर लागतात आणि एकाला तिरकस दोषही आहे. बाजारातल्या चष्म्याला दोन्हीकडे एकच नंबर, तोही गरजेपेक्षा जास्त. म्हणून अक्षर मोठे दिसत होते.

तरीही तयार चष्मा म्हणजे विष असे म्हणणे बरोबर नाही. दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा असेल, तिरकस दोष नसेल आणि डोळे एकदा डॉक्टरांनी पाहिलेले असतील, तर वाचण्यापुरता तो चालतो. मात्र त्याचा नंबर खरा आहे का हे तपासून घ्या. उन्हात भिंगाखाली कागद धरा आणि सूर्याचा ठिपका सर्वांत लहान होईल तिथे भिंगापासूनचे अंतर पट्टीने मोजा. १०० ला त्या सेंटिमीटरने भागले की नंबर निघतो. ५० सेंटिमीटर आले तर अधिक २, ४० आले तर अधिक अडीच, एक मीटर आले तर अधिक १. दोन्ही काचांचे अंतर सारखे यायला हवे. भिंगातून सूर्याकडे डोळ्याने चुकूनही पाहू नका, आणि हा प्रयोग पाचटाच्या ढिगाजवळ करू नका, कागदसुद्धा पेटतो.

तपासणीला कुठे जायचे? नगरचे जिल्हा रुग्णालय आहे, लोणीचे प्रवरा ग्रामीण रुग्णालय आहे, तालुक्याच्या गावी नेत्रतज्ज्ञ आहेत, आणि गावात शिबिरे होतात. (जिल्ह्याचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले आहे, गावाला नगर म्हणायची जिभेची सवय जायला अजून वेळ लागेल.) केंद्र सरकारने १९७६ साली अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, तेव्हापासून मोतीबिंदूच्या शिबिरांची आपल्या लोकांना ओळख आहे. शिबिर म्हटले की म्हाताऱ्यांनीच जायचे, असा मात्र त्यामुळे एक समज होऊन बसला. पंचेचाळीस वर्षांच्या माणसानेही जावे.

तिथे गेल्यावर सहा मीटरवरचा अक्षरांचा तक्ता वाचायला देतात. हा तक्ता हॉलंडच्या हर्मान स्नेलेन या डॉक्टराने १८६२ साली तयार केला. चिठ्ठीवर ६/६ लिहिले तर नजर उत्तम. ६/६० याचा अर्थ असा की, निरोगी डोळ्याला ६० मीटरवरून जे अक्षर ओळखता येते त्यासाठी तुम्हाला ६ मीटरवर यावे लागते. वाचता न येणाऱ्यांसाठी इंग्रजी ई सारख्या खुणेचा तक्ता असतो. तिची बोटे कोणत्या दिशेला आहेत एवढेच हाताने दाखवायचे. ज्यांना शाळा मिळाली नाही त्यांनी लाजून घरी बसू नये. मग यंत्रावर हनुवटी टेकवून एक अंदाजी नंबर काढतात. अंदाजी म्हणतो, कारण यंत्राचा कागद म्हणजे चष्म्याची चिठ्ठी नव्हे. त्यानंतर लोखंडी चौकट नाकावर बसवून काचा बदलत "हे बरं की ते बरं?" असे विचारतात, ती खरी तपासणी. तिथे घाई करू नका. दोन्ही सारखे वाटले तर सारखेच वाटते म्हणा. पुष्कळ सभासद डॉक्टरांना बरे वाटावे म्हणून "हे बरं हे बरं" म्हणत जातात आणि मग चष्म्याला दोष देतात.

एक युक्ती सांगतो. घरून निघताना सुतळीचा तुकडा घ्या. तुम्ही जे काम जास्त करता ते करताना डोळ्यापासून हातातल्या वस्तूपर्यंत सुतळी धरा आणि गाठ मारा. वाचनाची एक गाठ, शिलाई मशीनची एक, मोटारीच्या स्टार्टरपेटीची एक. तपासणाऱ्याला ती दाखवा आणि कामही सांगा. जवळचा नंबर अंतरावर अवलंबून असतो. दोन विती अंतरासाठी दिलेला नंबर घालून हातभर अंतरावरच्या पाटीवरचे काटे पाहायला गेलात तर ते पुसटच दिसणार, आणि त्यात चष्म्याची चूक नाही.

आता चिठ्ठी वाचायला शिकू. ओडी किंवा आरई म्हणजे उजवा डोळा, ओएस किंवा एलई म्हणजे डावा. पहिल्या रकान्यात स्फिअर. अधिक असेल तर भिंग मध्ये जाड, उणे असेल तर कडेला जाड. दुसऱ्या रकान्यात सिलिंडर, म्हणजे वर सांगितलेला तिरकस दोष. डोळ्याचा पुढचा पडदा चेंडूसारखा सारखा गोल नसून एका अंगाने दाबलेला असतो, त्याची ती दुरुस्ती. तिसरा रकाना ॲक्सिस, म्हणजे ती दुरुस्ती कोणत्या कोनात बसवायची ते. १ पासून १८० अंशांपर्यंत. उताराला आडवी पाडायची सरी कोणी उभी पाडली तर सरी असूनही माती वाहून जाते. ॲक्सिस चुकली की तसेच होते, नंबर बरोबर असूनही डोके दुखते. गोल फ्रेममध्ये काच सैल होऊन फिरली तरी हेच होते, म्हणून सिलिंडर असणाऱ्यांनी गोल फ्रेम विचार करून घ्यावी. शेवटी ॲड, म्हणजे जवळच्यासाठी वाढवायचा नंबर. तो चाळिशीत साधारण १ असतो आणि साठीपर्यंत अडीचच्या आसपास जाऊन थांबतो. चष्मा लावल्यामुळे नंबर वाढतो हा समज खोटा. तो वयाने वाढतो, चष्मा लावा अगर न लावा.

चिठ्ठीवर आणखी एक आकडा लिहून मागा, दोन बाहुल्यांमधले अंतर. त्याला पीडी म्हणतात आणि तो मिलिमीटरमध्ये असतो. आमचा दुसरा चष्मा इथे फसला. नंबर बरोबर होता, फ्रेम झकास होती, पण दुकानदाराने अंतर न मोजताच काचा बसवल्या. भिंगाचा मध्य एकीकडे आणि डोळा दुसरीकडे. नंबर जितका मोठा तितका हा फरक जास्त बाधतो.

डोळे तपासताना नुसता नंबर काढून उठू नका, हे आम्ही फार आग्रहाने सांगतो. चाळिशीनंतर डोळ्याचा दाब आणि आतला पडदा पाहून घ्यावा. काचबिंदू दुखत नाही, खुपत नाही. कडेची नजर हळूहळू खातो आणि गेलेली नजर परत येत नाही. पडदा पाहण्यासाठी बाहुली मोठी करणारे थेंब घालतात, काही तास अंधुक दिसते आणि ऊन सोसत नाही. त्या दिवशी मोटारसायकल स्वतः चालवत जाऊ नका.

एक फसवी खूण आपल्याकडे आनंदाने सांगितली जाते. "आबांची चाळिशी उतरली, आता बिनचष्म्याचं पोथी वाचतात!" पासष्ट-सत्तरीत जवळचे एकाएकी चष्म्याशिवाय दिसू लागणे ही बहुतेक वेळा मोतीबिंदूची सुरुवात असते. डोळ्यातले भिंग घट्ट होऊन त्याची शक्ती बदलते, डोळा उणे नंबराकडे सरकतो, म्हणून जवळचे दिसते आणि लांबचे बिघडते. पेढे वाटायच्या आधी तपासणी करावी. अशा वेळी दर सहा महिन्यांनी नवा चष्मा करत बसण्यापेक्षा शस्त्रक्रियेचे विचारलेले बरे.

दुसरी गोष्ट मधुमेहाची. आपण साखर करणारे लोक, पण रक्तातल्या साखरेकडे आपले लक्ष कमी. रक्तातली साखर वरखाली झाली की चष्म्याचा नंबरही वरखाली होतो. महिन्यापूर्वीचा चष्मा आज लागत नाही, असे दिसले तर दुकानदाराशी भांडण्याआधी रक्त तपासा. साखर काही आठवडे आटोक्यात राहिली की मगच नंबर काढावा. मधुमेही सभासदांनी दर वर्षी पडदा तपासून घ्यावा, दिसत असले तरी.

आणि उसाच्या पात्याचे. तोडणीत, खुरपणीत पाते डोळ्यात लागले आणि डोळा लाल झाला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. पानाच्या जखमेतून बुरशी शिरते आणि बुबुळावर पांढरा डाग पडून नजर जाऊ शकते. त्यात मध, दूध, तूप काही घालू नका. मेडिकलच्या दुकानातून "लाली जायचे थेंब" आणून घालणे तर सर्वांत वाईट. त्यात स्टेरॉईड असले तर लाली कमी होते आणि आत बुरशी फोफावते. तेच थेंब महिनोन् महिने घातले तर डोळ्याचा दाब वाढून काचबिंदूही होऊ शकतो. उसात शिरताना डोळ्यांवर साधा चष्मा असला तरी बराच बचाव होतो. नंबर नसेल तर वेल्डिंगवाले घासकामाला वापरतात तसा पारदर्शक गॉगल घ्या, तो महाग नसतो.

आता दुकानात. काच कोणती घ्यावी? जुनी खरी काच जड, पण ओरखडा कमी पडतो; फुटली तर डोळ्याला धोका. शेतात वावरणाऱ्याने प्लॅस्टिकची किंवा पॉलिकार्बोनेटची घ्यावी. पॉलिकार्बोनेट सहसा फुटत नाही, म्हणून पोरांना आणि एकच डोळा चांगला असलेल्यांना तीच द्यावी. एकाच चष्म्यात लांबचे आणि जवळचे हवे असेल तर बायफोकल. त्याची एक खोड आधी माहीत असावी: खाली पाहिले की नजर जवळच्या भागातून जाते आणि जमीन धूसर दिसते. विहिरीच्या पायऱ्या, पाटाचा काठ, ओला बांध यांवर मान खाली घालून वरच्या भागातून पाहायची सवय होईपर्यंत जपून चाला. ज्याला लांबचे चष्म्याशिवाय स्वच्छ दिसते त्याने दिवसभर बायफोकल घालायची गरज नाही. वाचायचा चष्मा दोरीने गळ्यात अडकवला की भागते. रेघ नसलेल्या प्रोग्रेसिव्ह काचा चांगल्या, पण महाग, आणि माप अचूक नसेल तर त्रासाच्या. आमच्या मते पहिल्याच चष्म्याला त्या घेऊ नयेत.

बिल पक्के घ्या आणि फ्रेम व काच यांची किंमत वेगवेगळी लिहून मागा. २२ सप्टेंबर २०२५ पासून नंबरच्या चष्म्यावरचा जी.एस.टी. ५ टक्के झाला आहे, तो बिलावर पाहा. नवा चष्मा घातल्यावर जमीन थोडी तिरकी किंवा खोल वाटते, ते आठवड्यात जाते. पंधरवडा झाला तरी डोके दुखत असेल तर चिठ्ठी घेऊन परत जा आणि काचांचा नंबर, ॲक्सिस, पीडी यंत्रावर तपासून मागा. आम्ही मागितले तेव्हाच चूक सापडली. काचा कोरड्या धोतराने किंवा पदराने पुसू नका. चिमणीची काजळी आणि माती काचेवर घासली जाते. आधी पाण्याने धुवा, मग मऊ कापड लावा. ट्रॅक्टरच्या तापलेल्या पत्र्यावर चष्मा ठेवला तर काचेवरचा लेप तडकतो.

घरातल्या पोरांचे थोडक्यात. फळ्यावरचे शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेणारा, टीव्हीपाशी जाऊन बसणारा पोरगा आळशी नव्हे, त्याचे डोळे तपासा. शाळेत तपासणी होते आणि राष्ट्रीय कार्यक्रमातून गरजू विद्यार्थ्यांना मोफत चष्मेही मिळतात. मात्र शाळेतून आलेली चिठ्ठी दप्तरातच राहते असे शिक्षक सांगतात. एक डोळा लहानपणीच अधू असेल आणि सात-आठ वर्षांच्या आत चष्मा मिळाला नाही तर तो डोळा "आळशी" होतो, मग पुढे चष्म्यानेही पुरता सुधारत नाही. मुलीला चष्मा लागला तर लग्नाचे काय, म्हणून तपासणी टाळणारे पालक अजून भेटतात. त्यांना आम्ही एवढेच विचारतो, ठेच लागत चालणारी सून कोणाला हवी आहे?

नंबरची चिठ्ठी तुमची असते, दुकानदाराची नव्हे. ती परत मागून घ्या, मोबाइलवर तिचा फोटो काढा आणि मूळ कागद ऊसबिलाच्या पावत्यांबरोबर ठेवा. पुढच्या तपासणीला ती बरोबर न्या, म्हणजे दोन वर्षांत काय बदलले ते डॉक्टरांना एका नजरेत कळेल. ज्यांना तपासणी करायची आहे त्यांनी हंगामाआधीच उरकून घ्यावी. एकदा तोडणी सुरू झाली की कोणालाच सवड नसते, आणि पावत्या तर पहिल्या दिवसापासून हातात येतात.